साहेबांसाठी निवडलेली

१

मूषक निर्मूलन खात्याचे साहेब कोसळले ते शहर उंदीरमुक्त झाल्याची घोषणा करता करता. 'मला सांगायला अभिमान वाटतो की' इथपर्यंत ते नीट आले होते. मग टाळ्यांच्या दिशेने मान वळवायला गेले, मान काही वळली नाही, आणि साहेब फुलदाणीसकट टेबलामागे दिसेनासे झाले. मागच्या रांगेतल्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेबलावर हिरव्या रसाचा अर्धा पेला होता. साहेब तब्येतीचे शौकीन. रोज सकाळी अकराला पालकाचा रस घ्यायचे आणि न घेणाऱ्यांकडे दयेने बघायचे. रस करायचा खात्याच्या कॅन्टीनचा आचारी. त्याचं आणि साहेबांचं बिनसलं होतं, कारण आठवड्यापूर्वी कॅन्टीनमध्ये भरदुपारी एक उंदीर फिरताना दिसला होता, आणि कॅन्टीन बंद करायच्या कागदावर साहेबांनी शेरा मारला होता: 'शहरात उंदीर नसल्यामुळे सदर उंदीर आचाऱ्याने बाहेरून आणलेला दिसतो.' पेला, भांडण आणि भांडणारा अशा तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत मिळाल्यावर फौजदारांनी डोकं फार शिणवलं नाही. संध्याकाळच्या आत आचारी कोठडीत होता.

त्याला एकच मोठी बहीण. सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यामुळे सगळे तिला भिंगताई म्हणायचे. माणसाशी बोलतानाही तिचा उजवा डोळा किंचित बारीक व्हायचा, आणि समोरच्याला उगाचच आपल्यात काहीतरी सापडलंय असं वाटायचं.

भाऊ गजांमागे कंबर धरून बसला होता. "ताई, मी काही घातलं नाही गं त्यात."

"माहितेय. तुला मीठ घालायचंसुद्धा लक्षात राहत नाही."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. साहेब गेले तर त्याच्यावर खुनाचं कलम लागणार होतं. फौजदारांनी तसं चहा पिता पिता सांगितलं होतं. भिंगताईने गजातून हात घालून त्याची कॉलर नीट केली. म्हणाली, "ज्याने तुला इथे बसवलंय ना, त्याला मी काचेवर घेणार आहे. जिवंत."

साहेबांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला तिच्याच टेबलावर आलं. आरोपीच्या बहिणीने ते तपासावं का, हे विचारायचं काम कुणाकडेच नेमून दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. फॉर्मवर 'पेशी मोजा' एवढंच होतं. पेशी कोणत्या ते ओळखायला काचेला रंग द्यावा लागतो, आणि फॉर्मवर सांगितल्याशिवाय रंग द्यायची तिथे पद्धत नव्हती. भिंगताईने दिला.

मग तिने भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ डोळा उचलला नाही. नारिंगी दाण्यांनी भरलेल्या पेशींनी काच गच्च भरली होती. विष खाल्लेल्या माणसाच्या पाण्यात अशा पेशी येत नाहीत.

२

मेंदूच्या डॉक्टरांनी काच पाहिली आणि खुर्चीत मागे रेलले. "विष कसलं घेऊन बसलात? हा उंदीर आहे."

पुढची दहा मिनिटं त्यांनी समजावलं ते असं. हा एक जंत. उंदराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत त्याचा संसार. पिल्लं घशापर्यंत येतात, उंदीर ती गिळतो आणि लेंड्यांतून बाहेर टाकतो. लेंड्या खाते गोगलगाय, शंखवाली किंवा बिनशंखाची. ती गोगलगाय, नाहीतर तिचा एखादा कण, पानाला चिकटून माणसाच्या पोटात गेला की पिल्लं रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. पण माणूस हे काही त्यांचं घर नव्हे. चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्यासारखी ती तिथे हिंडतात, वाट न सापडून मरतात, आणि जाताना सूज ठेवून जातात. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. बहुतेक जण आपोआप बरे होतात, फक्त बरे होईपर्यंत जगणं नको करून टाकतो. डोकं ठणकतं, मान आखडते, अंगाला चादर टेकली तरी कातडी भाजते.

"साहेब वाचतील?"

"वाचतील बहुधा. कण्यातलं पाणी काढून दाब उतरवलाय, सुजेसाठी स्टेरॉइड सुरू करतोय, दुखण्यासाठी वेगळं. जंताचं औषध द्यावं की नाही यावर आमच्यातच भांडणं आहेत. सगळे एकदम मेले तर सूज वाढायची भीती. पण तुम्ही रंग दिलात म्हणून वेळेत कळलं. दाब चढत गेला आणि कुणाला पत्ताच नाही, असं झालं की मग आमच्या हातात फारसं उरत नाही."

हे पोटात कधी गेलं असेल, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, एक ते तीन आठवडे लागतात. साहेबांचं डोकं चार दिवसांपासून दुखतंय, म्हणजे धरा दोन आठवड्यांपूर्वी.

भिंगताईने बोटांवर मोजलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. दोन आठवड्यांपूर्वी सोमवार ते शुक्रवार भाऊ तिच्याच घरात जमिनीवर आडवा होता, कंबर धरली म्हणून. शिवाय तो कच्चं पान कुणाला देतच नसे. रसाचा पालकसुद्धा आधी खळखळत्या पाण्यात उकळून घ्यायचा. उकळलेल्या पानात कसला जंत जगतोय?

हे सगळं तिने फौजदारांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले, उकळायचा हे त्याचंच म्हणणं आणि घरी होता हे त्याच्या बहिणीचं. मग त्यांनी खात्याचा हजेरीपट तिच्यापुढे फिरवला.

आचाऱ्याच्या नावापुढे त्या आठवड्याचे पाचही दिवस लिहिलं होतं: हजर, हजर, हजर, हजर, हजर.

३

हजेरीपट ठेवायची खात्याची नोंदवाली. तळमजल्याच्या टोकाला नोंदखोलीत ती दाभणाने फायली शिवत बसायची. चाळिशीची, किडकिडीत, आवाज कधी वर न चढणारी. तिच्या मागे दोन रॅक होते, वर जाड शाईने पाट्या: 'निवडलेल्या' आणि 'नष्ट करायच्या'.

भिंगताईने बोलायला सुरुवात म्हणून पाट्यांबद्दल विचारलं. नोंदवाली म्हणाली, दहा वर्षं झाली की फायली चाळायच्या. ठेवायच्या त्या निवडलेल्या, बाकीच्या भट्टीत. निवडायचं काम तिचं एकटीचं.

मग मुद्दा. भावाने कंबर धरल्याचं त्या सोमवारी सकाळीच फोनवर कळवलं होतं.

"फोन आला की मी चिठ्ठी करते," नोंदवाली म्हणाली. "चिठ्ठी लावलेली नाही." तिने दाभण ओढून दोरा ताणला आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही भिंगताई ना? तुमची सही ओळखते मी. छान, सुटसुटीत आहे."

बत्तीस वर्षांत सहीचं कौतुक कुणी केलं नव्हतं. भिंगताई त्या भरात आभार मानून बाहेर पडली.

वरच्या मजल्यावर उपसाहेब साहेबांच्या खुर्चीत बसले होते. खुर्ची रिकामी राहिली तर लाकूड फुगतं असं त्यांचं मत होतं. आचारी त्या आठवड्यात रोज होता, रस नेहमीसारखाच होता, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. भिंगताई उजवा डोळा बारीक करून त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. खिशाखाली धुऊन धुऊन फिकट झालेला हिरवा डाग होता.

"मिक्सरचं झाकण सैल आहे वाटतं," ती म्हणाली.

"सैल? अहो उडतंच ते, हाताने दाबून धरलं नाही तर—" उपसाहेब थांबले. मग बरंच पाणी प्यायले. मंगळवारी फक्त एकदा, आणि तेसुद्धा बटणच, असं कबूल केलं. साहेबांना अकराला रस हवाच होता आणि आचारी नव्हता.

"मग हजर होता असं का सांगितलंत? माझा भाऊ कोठडीत आहे."

"हजेरीपटात हजर लिहिलंय ना बाई. हजेरीपटाच्या विरोधात मी कसा बोलू?" त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण ते स्वतःबद्दल. ज्याने मिक्सर फिरवला तो लटकणार, आणि आचारी आधीच लटकलेला होता. "पानांचं मला विचारू नका. फ्रिजमध्ये डबा तयार असायचा. बाकीचे चार दिवस पिंजरेवाल्याने फिरवला. त्याला विचारा, डब्यावर काय लिहिलं होतं ते."

४

पिंजरेवाला खात्यातला सगळ्यात जुना माणूस. साठ रिकामे पिंजरे पुसत बसला होता. उंदीर का धरत नाही, असं विचारल्यावर त्याने भिंगताईकडे कीव केल्यासारखं पाहिलं. धरला की नोंद करावी लागते, नोंद झाली की उंदीर आहे असं होतं, आणि उंदीर नाहीत असा तर साहेबांचा आदेश आहे. सकाळी येताना दोन-चार भेटतात, तो त्यांना ओळख देत नाही.

रसाचं त्याने लगेच कबूल केलं. निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?

"डब्यावर चिठ्ठी होती. 'साहेबांसाठी निवडलेली'. निवडलेली म्हणे! मुळं तशीच, चिखल तसाच, देठांवर गोगलगाय फिरल्याचा चकचकीत माग. चारही दिवस तेच. मी मनात म्हटलं, ही कसली निवडलेली? पण लिहिलंय म्हटल्यावर धुवायला कोण जातंय? आमच्यात लिहिलेलं खरं धरायची सवय आहे."

चिठ्ठी कुणी लिहिली ते त्याला ठाऊक नव्हतं. माती मात्र त्याने ओळखली होती. राखाडी, भुसभुशीत. खात्याच्याच गोदामामागे भाजीचा वाफा आहे, तिथली.

"त्या वाफ्यातलं आता कुणी खात नाही," तो म्हणाला.

"का?"

पिंजरेवाल्याने हातातला पिंजरा उगाचच उघडला आणि मिटला. "दोन वर्षांपूर्वी एक पोर गेली. नऊ वर्षांची. कशाने गेली ते कुणी शोधलंच नाही. मी बोललो हे सांगू नका."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगताई स्वतःच्या ओट्यापाशी पालक निवडत होती. भावाला डबा द्यायचा होता. मुळं तोडायची, पिवळं पान बाजूला, प्रत्येक पान उलटून बोटाने चोळायचं. बोटं आपोआप चालत होती. आणि मग मध्येच थांबली.

जिने आयुष्यात एकदा तरी भाजी निवडली आहे ती मुळांसकट जुडीवर 'निवडलेली' असं लिहिणारच नाही. हात धजणारच नाही. आचारी लिहिणार नाही, साहेबांची बायको लिहिणार नाही. उपसाहेब आणि पिंजरेवाला यांना घरी भाजी कुठून येते तेच माहीत नव्हतं. त्यांनी लिहिली असती तर नुसती 'पालक' अशी लिहिली असती. तो शब्द तिथे लिहिणाऱ्याला पानं साफ केली असं म्हणायचंच नव्हतं. ढिगातून नेमकी हीच उचलली, असं म्हणायचं होतं. आणि तो शब्द त्या अर्थाने, जाड शाईने, दिवसभर कुणाच्या डोक्यावर टांगलेला असतो?

हजेरीपट तिचा. चिठ्ठ्या तिच्या. 'हजर' हा शब्द पाच वेळा लिहायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

भिंगताईने निवडलेली भाजी तशीच ओट्यावर टाकली आणि निघाली. रस्ताभर तिने काय काय बोलायचं ते घोटून ठेवलं होतं. त्यातले बरेचसे शब्द प्रयोगशाळेत बोलायच्या लायकीचे नव्हते.

नोंदवाली फाईल शिवत होती.

"डब्यावर तुम्ही लिहिलंत," भिंगताई दारातूनच म्हणाली.

"हो." दाभण थांबला नाही. "चार दिवस लागले तुम्हाला. मला वाटलं होतं दोन."

"एका माणसाच्या मेंदूत जंत घातलेत तुम्ही."

"मी पालक घातला. गोदामामागचा." नोंदवालीने तीन कागद टेबलावर एकापुढे एक मांडले. "तिथे उंदीर आहेत, औषध मारा, असा मी तीन वेळा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेबांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं. वाचा ना. 'पाहणी केली. उंदीर आढळले नाहीत. वाफा सुरक्षित आहे.' माझी मुलगी शाळा सुटली की इथे यायची आणि त्या वाफ्यातली पानं तोडून खायची, सशासारखी. कशाने गेली ते मग मीच पुस्तकं वाचून शोधलं. तीच पानं मी साहेबांना दिली. त्यांचा अहवाल खरा असता तर त्यांना काही झालंच नसतं. उलट लोह मिळालं असतं."

तिने तिन्ही कागदांच्या कडा जुळवल्या.

"आता होऊ दे खटला," ती पुढे म्हणाली. "मला शिक्षा द्यायची तर साहेबांना कोर्टात उभं राहून सांगावं लागेल की तिथे उंदीर होते. त्यांच्या तोंडून ते एकदा ऐकायचंय. मग मला कुठे ठेवायचं तिथे ठेवा."

भिंगताईच्या घोटून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकच उरलं होतं. "आणि माझा भाऊ? त्याने तुमचं काय केलं होतं?"

"काहीच नाही. भला माणूस आहे." नोंदवाली उठली आणि 'निवडलेल्या' रॅकवरून एक पातळ फाईल काढली. त्यातला पहिला कागद भावाच्या रजेची चिठ्ठी होता. फोनची वेळ, कारण, तारीख, सगळं व्यवस्थित. दुसरा कागद इस्पितळाचा होता. दोन वर्षांपूर्वीचा. पाठीच्या कण्यातलं पाणी, वय वर्षे नऊ. 'पेशी वाढलेल्या. विशेष काही आढळले नाही.' खाली छान, सुटसुटीत सही.

भिंगताईला ती काच आठवेना. हजारो काचांतली एक. "फॉर्मवर रंग द्या असं नसणार," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

"साहेबांच्या फॉर्मवर होतं?"

भिंगताईने कागदावरची सही अंगठ्याने झाकली.

"नव्हतं ना. भाऊ गजाआड होता म्हणून दिलात. मला तेवढंच बघायचं होतं, तुम्हाला ते येतं की नाही. येतं." तिचा आवाज आत्ताही चढला नव्हता. "तुमचा कागद वाचून डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. पाणी पुन्हा काढलं नाही, सुजेचं औषध नाही. चादर टेकली की ओरडायची. मी चादर हातात धरून उभी राहायची, टेकणार नाही अशी. एकोणीस दिवस. साहेबांसाठी मी पालक निवडला, ताई. तुमच्यासाठी भाऊ."

भिंगताई खाली बसली. काचेवर घ्यायला आलेली बाई आता स्वतःच काचेवर होती, आणि वरून बघणारा डोळा शांत होता.

"रंग दिला असता तर वाचली असती?" नोंदवालीने विचारलं. खरंच विचारलं.

"कदाचित," भिंगताई म्हणाली. खोटं बोलता आलं असतं, पण बत्तीस वर्षांची सवय. "बरेच जण वाचतात."

नोंदवालीने मान हलवली. मग चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "ही न्या, भाऊ सुटेल. दुसऱ्या कागदाची नक्कल नाही. एकुलता एक आहे. हवा तर न्या, नको तर त्या शेजारच्या रॅकवर ठेवा, शुक्रवारी भट्टी पेटते. मी विचारणार नाही." तिने दाभण उचलला. "निवडा."

६

पोलीस ठाण्याच्या बाकावर नोंदवाली भिंगताईच्या आधीच येऊन बसली होती. मांडीवर तीन अहवाल आणि पाण्याची बाटली. मधल्या सुट्टीचा अर्ज देऊन आली होती.

फौजदार वैतागलेले होते. एक बाई येऊन गुन्हा कबूल करते आणि गुन्ह्याची वस्तू म्हणून पालक सांगते. ते खात्री करायला इस्पितळात जाऊन आले होते. साहेब शुद्धीवर होते, चादर अंगाला लावू देत नव्हते, पण बोलत होते.

"विचारलं त्यांना, त्या वाफ्यात उंदीर होते का. म्हणाले, मुळीच नाही, मी स्वतः पाहणी केली होती. जबाबावर सहीसुद्धा केली." फौजदारांनी पेन टेबलावर आपटलं. "मग गुन्हा काय लिहू मी? सुरक्षित पालक पाजला?"

बाकावर नोंदवाली पहिल्यांदाच हसली. ते हसू बघून फौजदारांनी नजर दुसरीकडे वळवली.

"जबाब बदलतील ते," भिंगताई म्हणाली. "ह्यांना शिक्षा व्हावी असं वाटलं की बदलतील. तेव्हा तीनही अहवाल जपून ठेवा."

"ते आमचं आम्ही बघू. तुम्ही भावासाठी आलात ना? काही आढळलं का?"

पिशवीत दोन कागद होते. भिंगताईने रजेची चिठ्ठी टेबलावर ठेवली. हवालदार किल्ल्या घेऊन आत गेला, आणि कंबर धरून चालणाऱ्या पावलांचा आवाज यायला लागला तेव्हा तिने दुसरा कागद चिठ्ठीशेजारी ठेवला, बोटाने सरळ केला.

फौजदारांनी तो वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. "हे काय? यात तर लिहिलंय, विशेष काही आढळले नाही."

"मला वाचता येतं. सही माझीच आहे." भिंगताईचे दोन्ही डोळे सारखेच उघडे होते, आणि ते बाकाकडे बघत होते. "खाली लिहून घ्या. काचेवर होतं. मी बघितलं नाही."